सगुणाबाईची फुंकर

मखमलाबादच्या मळ्यांत तीस वर्षांत जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक बाळ सगुणाबाईच्या हातून न्हालेलं. पाय लांब पसरून ती बाळाला त्यांवर घ्यायची, तेलानं चोळायची, कढत पाणी घालायची आणि शेवटी दोन्ही कानांत हळूच फुंकर मारायची. तिची फुंकर पडली की बाळ दुपारपर्यंत हूं की चूं करत नाही, असं बाया म्हणत. सगुणाबाईला तर त्यात तिळमात्र शंका नव्हती.

२००९ साली स्वाइन फ्लू आला. शेजारच्या कुसाबाईची सून भाग्यश्री नवव्या महिन्यात तापली, औषधानं बरी झाली, तिला मुलगा झाला. डॉक्टरांनी बजावलं, बाळाला घेणाऱ्यानं साबणानं हात धुवायचे, मास्क बांधायचा, फुंकर तर नाहीच. आणि साधा खोकला असला तरी लांब राहायचं.

"तोंड बांधायला मी काय चोर हाय?" सगुणाबाई फणकारली. "लेकरानं माझं तोंड बघायचं नाय?"

 कुसाबाईनं सरळ सिंधूला बोलावलं. ही सिंधू सगुणाबाईच्याच हाताखाली शिकलेली! सगुणाबाईचा नुसता जळफळाट झाला. रोज सकाळी ती उगाच कुसाबाईच्या कुंपणाशी झेंडू बघत रेंगाळे. आतून बाळाचं रडणं आलं की तिला बरं वाटे. लाज वाटे, पण बरंही वाटे.

बारशाच्या आदल्या दिवशी कुसाबाई दारात आली. "उद्याची आंघोळ तुमच्याच हातची पायजे. फक्त तोंड बांधा, बाई."

"बांधते की," सगुणाबाई म्हणाली. तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं.

पहाटे घसा खवखवायला लागला. ती हळद-पाणी प्यायली आणि कुणाला काही बोलली नाही. मास्क बांधून न्हाणीत बसली. भाग्यश्रीनं बाळ तिच्या पायांवर ठेवलं. ते टकामका बघू लागलं. खोकल्याची उबळ आली. सगुणाबाईनं ती गिळली, डोळ्यांत पाणी आलं. कुणाला कळलं नसतं.

"उचल गं याला," ती म्हणाली. "माझा घसा धरलाय. सिंधूला बोलवा."

सिंधू धावत आली. सगुणाबाई बाहेर कुंपणाशी जाऊन उभी राहिली.

"पाणी कोपरानं बघ गं!"

"बघितलं, मावशी."

निदान आज तरी त्यानं थोडं रडावं, म्हणून ती कान देऊन थांबली. ते रडलं नाही.