हिरड्याखालची बाज

हिरडा वाळत घातला की अंगणात किस्सेही जमत जातात. तळेघरच्या आम्हा बायकांचे हात हिरड्याने काळे, पण तोंडं मोकळी! हे सगळे किस्से नव्वदच्या दशकातले, आमच्याच घरचे.

*

माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, हिरडा काढताना फांदीसकट खाली आले. कमरेखाली सगळं बधिर. घोडेगावच्या डॉक्टरांनी विचारलं, "कशावरून पडलात?"

"औषधावरनं!"

डॉक्टर हसले. भाऊजींची बायको, माझी जाऊ तारा, नाही हसली.

*

बघायला आलेला एक पाहुणा बाजेशेजारीच बसून हळहळला, "आता ह्यो काय उठत न्हाई. लई वाईट झालं."

भाऊजी म्हणाले, "पावणं, पाय बधिर झाल्यात. कान न्हाई!"

*

पुण्याहून झाडपाल्याचा अभ्यास करणारे एक साहेब आले. हिरडा हातात घेऊन म्हणाले, "यात गॅलिक ॲसिड असतं. नैसर्गिक अँटिऑक्सिडंट! म्हातारपण लांबतं याच्यानं."

सासूबाई सुपातला हिरडा निवडत म्हणाल्या, "लांबणारच की राव! आमच्यात झाडावर चढणारा म्हातारा व्हईतोवर ऱ्हातोय कुठं?"

साहेबांचा चहा अर्धा तसाच राहिला.

*

मी नवस बोलले, भाऊजी उभे राहीपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. चैत्रात कातळ तापला, टाचा फुटल्या. सासूबाई कळवळल्या, "अगं, देवाला तुझ्या टाचा काय करायच्यात?"

मी म्हटलं, "आत्याबाई, त्याच्याकडं पाय मागितलेत. नमुना दाखवायला नको?"

त्या दिवशी सासूबाईंनी स्वतः माझ्या टाचांना तेल लावलं.

*

पुढच्या वर्षी तेच झाड लगडलं. आमच्याकडे चढायचं गड्यांनी, वेचायचं बायकांनी. पण त्या झाडाला हात लावायला कुणी गडी तयार होईना. शेवटी ताराने कासोटा घातला आणि चढली!

भाऊजींनी हट्टाने बाज झाडाखाली आणवली. उताणे पडून, वर बघत ओरडत होते, "डावी फांदी धर! उजवी कच्ची हाय!"

वरून तारा म्हणाली, "लई ठाव हाय तुमाला! म्हणून तर पडला!"

आम्ही हसत वेचत होतो. एवढ्यात भाऊजी कळवळले, "आई गं! पायावर पडला की हिरडा!"

आमचे हात जागच्या जागी थांबले. सासूबाईंच्या हातातलं सूप कलंडलं.

बेचक्यातून ताराचा आवाज आला, "काय म्हणला? परत म्हणा!"

भाऊजी मान उचलून स्वतःच्या पायाकडं बघायला लागले.

वरून दुसरा हिरडा आला. नेम धरून.