दुर्बिणीच्या आरशावर कुंकू

सुट्टीत लोक कोकणात जातात, मी वाशीम जिल्ह्यात गेले, तेही दीर्घिकांवर भाषण द्यायला. बोलावलं मला शाळेत शिकवलेल्या देवकाबाईंनी. त्यांची लहान शाळा शेजारच्या मोठ्या शाळेत विलीन झाली आणि बाईंनी दारोदार वर्गणी मागून घेतलेली दुर्बीणही तिकडे गेली. "तू मागितली तर देतीन ते," बाई म्हणाल्या.

जायचं असेल तर अकोल्याहून पॅसेंजरने जऊळक्याला उतरा. पुढे शिरपूरला ऑटो मिळतो, पण भरल्याशिवाय हलत नाही. बाईंकडे भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. या प्रवासात धड झालं ते एवढंच.

मोठ्या शाळेत आधी सत्कार, शाल, नारळ. मग मी सांगितलं, दोन दीर्घिका एकमेकींत शिरल्या तरी तारे सहसा आदळत नाहीत, मधलं अंतरच अफाट असतं. पण फिरण्याची शिस्त मोडते. वायू मध्याकडे घसरतो, तिथे नवे तारे पेटतात, मोठीचं पोट सुटतं. लहानीच्या ताऱ्यांच्या पुसट पट्ट्या तेवढ्या भोवती उरतात.

"अन् लहानीचं नाव?" बाईंनी मागून विचारलं.

मोठीचंच राहतं, मी म्हणाले. सगळे हसले, बाई सोडून.

मग मुख्याध्यापकांनी कपाट उघडलं. दुर्बिणीला हार घातलेला. "दर दसऱ्याले पूजा करतो आमी हिची," ते कौतुकाने म्हणाले. भक्ती एवढी की मागचं झाकण काढून खुद्द आरशालाच हळदकुंकू लावलेलं आणि नंतर फडक्याने खसाखसा पुसलेलं. चकाकी पार गेली होती. संताप आला मला. बाई माझ्याकडे बघत होत्या. आणि मी, शाल पांघरून, नारळ सांभाळत म्हणाले, "छान जपलीत."

बाई ऑटोपर्यंत सोडायला आल्या. मी बसल्यावर म्हणाल्या, "त्यायले समजत नव्हतं वं. तुले तर समजत होतं."

पुण्यात परतून कामाला लागले. संगणकावर दीर्घिका विलीन करताना मी लहानीचे तारे वेगळ्या रंगात ठेवते, कुठे गेले ते शेवटी दिसावं म्हणून. बाईंना दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. आरशावर नवा मुलामा चढवून मिळतो. आठवडाभराचं काम. मला ते तिथे उभी असतानाही माहीत होतं. फक्त दुर्बीण मागायची होती.