बसून तपासणारे साहेब

"मला झेपलं ना? मग पोरांचं काय घेऊन बसलात!"

हे वाक्य साहेब उभ्याने कधी म्हणत नसत. आधी बसत. बागेतल्या बाकावर, झोपाळ्यावर, सी-सॉवर, एकदा तर चक्क कारंज्याच्या कठड्यावर. पँट गुडघ्यापाशी किंचित वर ओढत, डोळे मिटत आणि आपला सगळा देह त्या वस्तूच्या स्वाधीन करत. वस्तू कण्हायची. झाडावरचे कावळे उडायचे. क्षणभर काही मोडलं नाही की साहेब डोळे उघडत, वाक्य म्हणत आणि वस्तू पास होई.

साहेबांचं वजन किती ते मी सांगणार नाही, कारण माझ्यावर आधीच वाढवून सांगण्याचा आरोप आहे. ते पालीहून ज्या स्कूटरवरून येत, ती स्कूटर हातखंब्याच्या तिठ्यावर उभी राहून रडायची असं लोक म्हणतात. मी रडताना पाहिली नाही, पण ती उभी असली की खाली ओल दिसायची, एवढं खरं.

मी मालगुंडची. रत्नागिरीला पॉलिटेक्निकला सिव्हिल करत होते आणि इंटर्नशिप सक्तीची होती. मैत्रिणींना पूल मिळाले, धक्के मिळाले. एकीला जयगडच्या बाजूला काम मिळालं, ती रोज हेल्मेट घालून फोटो पाठवायची. मला मिळाल्या बागा. शहरातल्या सार्वजनिक बागांमधली खेळणी, बाकं, कुंपणं आणि दिव्यांचे खांब कोणत्या स्थितीत आहेत हे तपासायचं काम एका खाजगी कंपनीने घेतलं होतं. त्या कंपनीची रत्नागिरीची शाखा म्हणजे साहेब. ऑफिस नव्हतंच. एका आंब्याखाली स्कूटर लावली की ऑफिस उघडलं, आणि आंब्याची सावली सरकली की ऑफिसही सरकलं.

कंपनीने मोबाईलवर एक अ‍ॅप दिलं होतं. वस्तूचा फोटो काढायचा आणि हिरवं, पिवळं किंवा लाल बटण दाबायचं. साहेबांच्या मोबाईलच्या काचेवर हिरव्याच्या जागी अक्षरशः खळगा पडला होता. पिवळं त्यांना भित्रेपणाचं वाटे. आणि लाल बटण अस्तित्वात आहे हे त्यांना कोणी सांगितलं असेल का, याची मला शंका होती.

तपासणी झाली की चहा. बाग लहान असेल तर तपासणीऐवजी चहा. गंज दिसला की मेहुण्याला फोन. मेहुणा मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलर रंगवायचा आणि ट्रॉलरचा उरलेला रंग घेऊन बागेत हजर व्हायचा. त्यामुळे आमच्या शहरातले झोपाळे लांबून बघितले तर मासेमारीला निघाल्यासारखे दिसत. गंज झाकला की गंज गेला, हा साहेबांनी रसायनशास्त्रात लावलेला शोध. त्याबद्दल त्यांना कोणी बक्षीस दिलं नाही, हा जगाचा कोतेपणा.

मी कॉलेजातून एक छोटी हातोडी आणली होती. चांगलं लोखंड हातोडीला टणकन उत्तर देतं, कुजलेलं नुसतं ठप्प करतं. साहेबांना ती हातोडी डोळ्यांसमोर नको असायची.

"इंजिनेरबाई, ठोकून बघायला गेलात तर माणूस पण पोकळ निघेल. ठेवा ती पिशवीत."

मी ठेवायचे आणि त्यांचा तिरस्कार करायचे. अगदी मन लावून. तुमच्याही कामाच्या जागी असा एक असतो, तुम्हाला माहीत आहे. सकाळी त्याच्या चपलांचा आवाज ऐकला की आपण उगीच पिशवी आवरायला घेतो. साहेबांचं घोरणं, साहेबांचं खांडवी खाणं, माझ्याच डब्यातली खांडवी खाऊन 'गूळ कमी पडला' म्हणणं, सगळ्याचा मी नीट, वेळ काढून तिरस्कार केला. मला शिकायचं होतं ते काही त्यांनी शिकवलं नाही, पण हे मात्र पक्कं शिकवलं.

तर, समुद्राकडच्या एका बागेत लोखंडी गलबत होतं. मुलांनी शिडीने वर चढायचं, डेकवरचं सुकाणूचं चाक गरगर फिरवायचं आणि पुढच्या टोकाशी लावलेल्या घसरगुंडीवरून खाली यायचं. उंची चांगली घरावर जाईल एवढी. त्या बाजूच्या प्रत्येक मुलाची चड्डी तिथे फाटलेली आहे, आणि आता नोकरीवाली झालेली माणसंसुद्धा तिथून जाताना नकळत मागे हात लावून बघतात.

समुद्राचा खारा वारा लोखंडाला आतून खातो. बाहेरून रंग छान तकाकतो. मी घसरगुंडीखाली वाकून, पत्रा डेकला जिथे जोडला होता तिथे अंगठा टेकवला आणि अंगठा आत गेला. लोखंडात. भिजलेल्या पापडात जावा तसा.

साहेबांना बोलावलं. ते कुरकुरत वाकले, त्यांनीही अंगठा टेकवला आणि तो साहेबांचा अंगठा असल्यामुळे जास्तच आत गेला. बाहेर आला तेव्हा तांबडा झाला होता.

"रविवारी उद्घाटन आहे," म्हणाले.

बागेतल्या नव्या कारंज्याचं उद्घाटन होतं. एक पुढारी येणार होते आणि त्यांच्यासमोर शाळेची पोरं रांगेने गलबतावरून घसरत येणार, असा कार्यक्रम ठरला होता. फोटोसाठी. मी म्हटलं, साहेब, लाल दाबा, गलबत आजच बंद करू. एकामागोमाग एक मुलं आली तर जोड निखळेल आणि वरून खाली थेट जांभ्या दगडाचा चौथरा आहे.

"लाल दाबलं की वरून फोन येतो," साहेब म्हणाले. "चिपळूणला असताना एकदा दाबलं होतं. पावसाळाभर घरी बसलो."

म्हणजे लाल बटण त्यांना माहीत होतं. मला ते ऐकून आणखी राग आला. ठार अडाणी माणसाचा तिरस्कार करण्यात मजा असते. जाणत्याचा करताना ती मजा जाते. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी त्याच अंगठ्याने, तांबड्या अंगठ्याने, हिरवं दाबलं.

हे सगळं मागे उभ्या असलेल्या खालाने ऐकलं. खाला म्हणजे सगळ्यांची मावशी, आणि त्या बागेची बिनपगारी मालकीण. मुलगा कुवेतला, सून शाळेत शिकवणारी, आणि नात इनाया रोज संध्याकाळी खालाचा हात धरून गलबतावर यायची. खालाचा आवाज असा, की ती बागेत बोलली की पलीकडच्या घरातले लोक 'काय हो?' म्हणून दारात येत.

"ओ साहेब," खाला म्हणाली. "ही पोर रोज त्याच्यावर बसते. तिने आज बसायचं की नको, तेवढं तोंडाने सांगा. मोबाईल नको."

बागेतली संध्याकाळची माणसं जमली. निवृत्त मास्तर, फिरायला आलेली जोडपी, भेळवाला. कोणालाच घाई नव्हती. साहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, चांगलं मजबूत आहे, पास झालेलं आहे.

"तुम्ही बसलात?"

साहेब मोबाईल खिशात घालायला लागले.

"अख्ख्या शहरात बसून झालं. सी-सॉवर बसलात, झोपाळ्यावर बसलात, परवा आमच्या दर्ग्याबाहेरच्या बाकावर बसलात, ते अजून वाकलेलं आहे. हेच तेवढं कसं राहिलं?"

आता साहेबांना जावंच लागलं. त्यांनी पँट वर ओढली आणि शिडी चढायला लागले. मी 'नको' म्हटलं, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचं आहे. एकेक पायरीवर गलबत असं काही ओरडलं, की बंदरातल्या खऱ्या बोटींनी माना वळवल्या असतील. साहेब डेकवर पोचले, घामाने निथळत वळले, विजयी चेहऱ्याने खाली बघितलं आणि त्यांच्यामागे शिडी सुटून, सावकाश, काही घाई नसल्यासारखी गवतात आडवी झाली.

कोणी हसलं नाही. म्हणजे, लगेच नाही.

आता खाली यायला एकच वाट होती, घसरगुंडी. हिरवी. पास झालेली. साहेब तिच्या तोंडाशी आले, वाकले, जोडाकडे बघितलं आणि मागे सरून सुकाणूचं चाक धरून बसले. अंधार पडायला वेळ होता, समुद्रावर छान पिवळा उजेड होता, आणि त्या उजेडात आमचे साहेब बुडत्या गलबताच्या कप्तानासारखे दिसत होते. फरक एवढाच, की गलबत जमिनीवर होतं.

"या की," खालून कोणीतरी म्हणालं. "हिरवं दाबलंय ना?" हे मीच म्हटलं असं काही लोक सांगतात. लोकांना काय, काहीही सांगतात.

मग इनाया पुढे गेली. घसरगुंडीच्या खालच्या टोकाशी उभी राहून तिने वर बघितलं आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "अंकल, बसा ना. मी रोज बसते. काय नाय होत."

साहेबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. मोठा चेहरा, त्यावर नेहमी दहाबारा गोष्टी एकदम चाललेल्या असायच्या. चहा, मेहुणा, ऊन, झोप. त्या सगळ्या थांबल्या. ते त्या पोरीकडे बघत होते, आणि ती घसरगुंडीच्या पत्र्यावर हात आपटून त्यांना जागा दाखवत होती.

"बाजूला हो गो," साहेब म्हणाले. "तिला बाजूला घ्या आधी."

आणि मग त्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्या कोकणात काही अडलं की देवापुढे उभं राहून मोठ्याने सगळं सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा, अशी रीत आहे. पण ती देवळात, नारळ ठेवून. लोखंडी गलबतावरून घातलेलं गाऱ्हाणं मी तरी पहिलंच ऐकलं.

"बा देवा म्हाराजा, या जाग्याच्या राखणदारा," साहेब म्हणाले, "पोरांनी खेळावं म्हणून ही वस्तू इथे उभी केली."

"होय म्हाराजा," निवृत्त मास्तर सवयीने म्हणाले.

"ती वाऱ्याने आतून खाल्लेली आहे."

"होय म्हाराजा," आता चारपाच आवाज.

"हे मला माहीत असून मी ती पास केली."

इथे सगळे अडकले. भेळवाल्याचा हात कांद्यावर थांबला. गाऱ्हाण्याला होकार द्यायचा तर असल्या वाक्याला कसा द्यायचा? मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं. मग खालाने पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "होय म्हाराजा." गाऱ्हाणं कोणत्या देवाला चाललंय, हे तिने विचारलं नाही.

"चुकलंमाकलं पोटात घाल, आणि या लेकराला सुखरूप खाली उतरव."

लेकरू म्हणजे साहेब स्वतः. पण तेव्हा सगळी बाग मनापासून 'होय म्हाराजा' म्हणाली.

शेजारच्या आंब्याच्या बागेतून लांब शिडी आणली. चौघांनी धरली, एकाने खालून पाय कुठे ठेवायचा ते सांगितलं. साहेब जमिनीवर आले. त्यांनी सगळ्यात आधी मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला.

"इंजिनेरबाई, माझा अंगठा हिरव्यावरच जातो. तुम्ही दाबा. माझ्या नावाने."

मी लाल दाबलं. मग साहेब स्कूटरच्या डिकीतून दोरी घेऊन आले आणि काळोख होईपर्यंत गलबताभोवती फेऱ्या मारून ती गुंडाळत बसले. गाठी अत्यंत वाईट मारल्या होत्या. मी दुसऱ्या दिवशी सगळ्या पुन्हा मारल्या.

रविवारी कारंज्याचं उद्घाटन झालं. शाळेची पोरं कारंज्याभोवती उभी करून फोटो काढले. सोमवारी साहेबांना वरून फोन आला आणि मंगळवारी आंब्याखाली स्कूटर नव्हती. पालीला घरी आहेत असं कोणी म्हणतं. कोणी म्हणतं, मेहुण्याबरोबर ट्रॉलर रंगवतात आणि ट्रॉलर एका बाजूला कलतो. माझी उरलेली इंटर्नशिप नव्या साहेबांबरोबर झाली. ते गाडीच्या काचेतून बाग तपासत. काच खाली करत नसत, एसी जातो म्हणून. त्यांच्याबरोबर असताना मी एकदोनदा स्वतःला पकडलं. हा माणूस निदान एकदा खाली उतरून कुठेतरी बसला असता तर, असं मनात येत होतं.

गलबत गॅस कटरने तोडून नेलं. खाला म्हणते, इनाया तेव्हा दोन दिवस जेवली नाही.

परवा मासळी घ्यायला गेले तर दोघी भेटल्या. इनाया आता शाळेत जाते, दात पडलेत. खालाने तिला माझी ओळख पटवली, अगो, ही ती गलबतवाली बाय. इनायाने मला नीट न्याहाळलं.

"तो जाडा अंकल तुझा साहेब होता?"

मी हो म्हटलं.

"वाईट होता," ती म्हणाली. "सगळी संध्याकाळ एकटाच वर बसला. कोणाला घसरायला नंबर दिला नाय."

खाला हसायला लागली. मी सुरमईकडे बघत होते.

"नाही दिला," मी म्हटलं. "कोणालाच नाही दिला."