आक्काच्या हातचं तूप

आक्का गेल्याचा फोन भाच्यानं शिरोळहून केला, तेव्हा मी शाहूपुरीतल्या दुकानाचं शटर उघडत होतो. ते तसंच खाली ओढलं. तिच्या पोटातली गाठ कळून फार दिवस झाले नव्हते...

माझी ही थोरली बहीण हायस्कुलात विज्ञान शिकवायची. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार अशी साखळी फळ्यावर काढून, गवतावरचं विष प्रत्येक पायरीला साठत-वाढत घारीपर्यंत कसं पोचतं ते सांगायची. घरीही तिचा कायदा होता. ऊस कारखान्याला जाणारा, त्यावर खुशाल फवारा; पण विहिरीजवळचे वाफे घरच्या भाजीचे, तिथं फवारणीचा पंप न्यायचा नाही. असे वाफे आमच्याकडं घरोघरी असतात. दुसऱ्याच्या ताटाचं काय, असं मी विचारलं की ती चिडायची. म्हैस मात्र त्याच उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आणि बांधावरचं गवत खायची. तिचं दूध घरचं, लोणी घरचं, आणि मला येणारा तुपाचा डबाही घरचाच.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. डिंकाच्या लाडवांसाठी आक्कानं आजारपणाआधीच मोठा डबा भरून तूप पाठवलं होतं. शेवटचं भेटायला गेलो तर तब्येतीचं बोलणं बाजूलाच...

"लाडू वळलं काय रं?"

अजून नाही म्हटलं.

"मग त्या तुपाचं नको वळू. फळ्यावर म्हैस कधी काढलोच न्हाई मी. विष चरबीत जाऊन बसतंय, आन् तूप म्हंजे नुसती चरबीच की."

तुझं दुखणं कशानं आलं हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही, असं मी समजावलं.

"न्हाईच यायचं. पण पोरगी बाळाला अंगावर पाजणार. साखळी घारीपाशी संपती म्हणून शिकवलो... आपली तान्ह्या पोरापाशी संपती."

नात झाली. लाडू विकतच्या तुपाचे केले; त्या तुपाची म्हैस काय खात होती, देव जाणे. आक्काचा डबा फडताळात आहे. तूप कढवताना ती विड्याचं पान टाकायची, तो वास झाकण उघडताच येतो आणि मला रडू फुटतं. खायचं धाडस नाही. टाकावं, तर मोरीतलं पाणी नाल्यानं पंचगंगेला जातं, पंचगंगा आक्काच्या मुलखाकडंच वाहते, आणि तिथं तेच पाणी उपसून उसाला देतात. मी झाकण लावतो आणि डबा परत फडताळात ठेवतो.