स्वतःच्या चुकीची नक्कल

तमिळ मुलखातल्या तिरुवल्लिकेणीच्या देवळामागच्या गल्लीत कुणालाही विचारा, व्हायोलिनवाली मामी कुठे राहते, तर लगेच बोट वर करून खिडकी दाखवतील आणि वर सांगतील, या मामीमुळे आमच्या गल्लीत कुणाला गजर लावावा लागत नाही. यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे त्रिपुरसुंदरीने कधी विचारलं नाही. पहाटे ती वाजवते म्हणजे वाजवते. ज्याला झोपायचं असेल त्याने कानात बोळे घालावेत.

पोटासाठी वाजवणाऱ्याला आवडनिवड नसते म्हणतात. त्रिपुरसुंदरीने पोटासाठी काय काय वाजवलं नाही! लग्नाच्या रिसेप्शनला वाजवलं. तिथे अर्धी मंडळी नवरानवरीबरोबर फोटो काढायला रांगेत उभी आणि उरलेली अर्धी पंगतीत. साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला वाजवलं. देवळाच्या उत्सवात, भोंग्याच्या ऐन तोंडाशी बसून वाजवलं. अमेरिकेतल्या पोरांना संगणकावरून शिकवते, तिथे अर्धा स्वर समुद्रात पडतो आणि अर्धाच पलीकडे पोचतो. आणि सगळ्यात जास्त वाजवलं ते भरतनाट्यमला. कुणाच्या मुलीचं अरंगेत्रम, म्हणजे शिकून झाल्यावर रंगमंचावरचा पहिला पूर्ण कार्यक्रम, ठरलं की व्हायोलिनला सुंदरीअक्का, हे वर्षानुवर्षं ठरलेलं.

तरुणपणी ती बँकेची परीक्षा पास झाली होती. नोकरी चालून आली आणि या बाईने ती नाकारली. वडील कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. शेजारपाजारच्यांनी तिच्या डोक्याविषयी शंका काढल्या. पुढे राममूर्तींशी लग्न झालं, ते आवडी नावाच्या गावातल्या रणगाड्यांच्या सरकारी कारखान्यात कारकून. एकाचा पगार पक्का, म्हणून दुसरीला वेडेपणा परवडला, असं नातेवाईक आजही म्हणतात. म्हणोत बापडे.

पण एवढं सगळं वाजवूनही बाई आंबली नाही, याला एक कारण होतं. तिने स्वतःला एक नियम घालून घेतला होता. कार्यक्रम कसलाही असो, ऐकायला कुणी असो वा नसो, त्यात एक जागा आपली. गाण्याबजावण्यात जिला जागा म्हणतात तीच, दोन-चार स्वरांची. पण ती आधी ठरवायची नाही. गज तारेवर टेकेपर्यंत आपल्यालाही ठाऊक नसावी. रिसेप्शनच्या गोंगाटात अशी एक जागा निघाली की तिला मनातल्या मनात हसू फुटायचं. जिलबीवाल्याला कळलं नाही, नवरदेवाला कळलं नाही, फक्त मृदंग वाजवणारा चमकून बघायचा. तेवढ्यावर ती महिनाभर जगायची.

विद्यालक्ष्मीने या नियमालाच हात घातला.

विद्यालक्ष्मी लांबच्या नात्यातली, त्रिपुरसुंदरीपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. तंजावरकडच्या मराठी घरातली, दोघी एकमेकींशी तीच जुनी, तमिळमध्ये मुरलेली मराठी बोलतात. तिची नृत्यशाळा मोठी. विद्यार्थिनी अर्ध्या इथल्या, अर्ध्या अमेरिकेतल्या, आणि त्रिपुरसुंदरीचं निम्मं काम याच एका शाळेतून येतं. अमेरिकेतल्या मुली वर्षभर तिकडे सराव करणार आणि सुट्टीत येऊन इथे नाचणार. त्यांच्यासमोर रोज वाजवायला कोण बसणार? म्हणून विद्यालक्ष्मीने पद्धत बसवली. सगळा कार्यक्रम आधी स्टुडिओत वाजवून घ्यायचा, मुलीला पाठवायचा, मुलगी त्यावर पाठ करणार, आणि प्रत्यक्ष कार्यक्रमाला वादकांनी हुबेहूब तेच वाजवायचं. गायकाची हरकत एक इकडची तिकडे नको, व्हायोलिनचा स्वर जास्त नको. मुली घाबरतात.

त्रिपुरसुंदरीने कुरकुरत का होईना, हे चालवून घेतलं. मुली घाबरतात हे खरंच होतं. एखाद्या कोपऱ्यात, पोरीची पाठ वळलेली असताना, ती आपली जागा चोरून घ्यायची. चोरीची भाकर जास्तच गोड लागायची.

मग संयुक्ता आली. वय सतरा, शिडशिडीत, मोठ्या डोळ्यांची, अमेरिकेत वाढलेली. पहिल्या तालमीला सावेरी रागातलं पदम, म्हणजे अभिनयाचं संथ गीत, सुरू झालं. नायिका वाट बघते आहे, तो येत नाही, एवढाच अर्थ. गायक एकच ओळ चार वेळा म्हणतो, दर वेळी नायिका वाट बघण्याची नवी तऱ्हा दाखवते, आणि दोन वेळांच्या मध्ये एकटं व्हायोलिन बोलतं. तिसऱ्या वेळेनंतर त्रिपुरसुंदरीने वाजवलं आणि संयुक्ता थांबली. हात हवेत तसाच.

"मामी, ते आलं नाही," ती तमिळमध्ये म्हणाली.

"काय आलं नाही?"

विद्यालक्ष्मीने फोनवर वर्षापूर्वीचं ध्वनिमुद्रण लावलं. त्रिपुरसुंदरीने तो स्वर लगेच ओळखला. स्टुडिओतल्या थंडगार हवेने त्या दिवशी व्हायोलिनची खुंटी किंचित सरकली होती. तार ढिली पडली, स्वर घसरला, आणि तिने बोट वर सरकवून तो कसाबसा पकडला होता. चटकन ऐकू येईल इतका बेसूर. ती म्हणाली होती, परत घेऊ. विद्यालक्ष्मी म्हणाली होती, वेळ संपली, जाऊ दे, कोण ऐकतंय!

संयुक्ताने ऐकलं होतं. वर्षभर, रोज. तो घसरलेला स्वर म्हणजे नायिकेच्या हातातून निसटलेला गजरा, आणि सावरलेला स्वर म्हणजे तिने तो जमिनीला लागायच्या आत झेललेला, असं तिने बसवलं होतं. करूनही दाखवलं. सुरेख होतं, हे त्रिपुरसुंदरीलाही नाकारता येईना.

"तर अक्का, तेवढं तें तसंच हवं," विद्यालक्ष्मी म्हणाली.

"विद्या, ती चूक अस्से गं."

"आता ती चूक नाही. पोरीने अभिनय बसवलाय. तिच्या आईला तीच जागा अवघ्यांत जास्त आवडत्ये."

"म्हणजे मी बुद्ध्या बेसूर वाजवूं?"

"रेकॉर्डिंगसारखं वाजव, येवढंच म्हणत्यें मी. आणि हे बघ अक्का, मी स्पष्ट सांगत्यें. वेगळं कांही आलं, पोर गडबडली, तर पुढे तुला बोलावणं मला कसं जमेल तें ठाऊक नाही."

घरी आल्यावर तिने राममूर्तींना सांगितलं. ते निवृत्त होऊन आता स्वयंपाकघराचे अधिकारी झाले होते. रसमला फोडणी देता देता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अय्यो, केलेली चूक परत कर म्हणत्ये?" ते हसले. "आमच्या कारखान्यांत असं अस्सतं तर रणगाडे मागे पळाले अस्सते." मग हसू ओसरलं. कारकुनाचा जीव, तो हिशेबी वाटेने निघालाच. "पण सुंदरी, विद्याचं काम गेलं म्हणजे निम्मं गेलं. येवढा एक स्वर! वाजवून टाक. कोण ऐकणार?"

"मी ऐकणार," ती म्हणाली. "आजवर सगळ्या सभागृहांत दुसरं कोणीच ऐकत नव्हतं तेव्हां कोण ऐकत होतं? मीच की! आता त्या एकुलत्या ऐकणारीला पण बाहेर काढूं कां?"

राममूर्तींनी रसम उतरवून ठेवला आणि पानं वाढायला घेतली. त्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण बायकोचा आवाज कधी चढतो ते पाठ आहे.

ती रात्रभर तळमळली वगैरे काही नाही. चिडलेली माणसं छान झोपतात. सकाळी मात्र तिला भीती वाटली, खरी भीती. विद्यालक्ष्मीने एकदा फोन बंद केला की या शहरात दुसरे फोन वाजायला वेळ लागतो, हे तिने इतर वादकांच्या बाबतीत बघितलं होतं. मन कचरलं. बोट थोडं मागे घ्यायचं, परत वर सरकवायचं, काय जातं? तिने पहाटेच्या सरावात तो घसरलेला स्वर मुद्दाम काढून बघितला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो इतका बेमालूम आला की तिने गज खाली ठेवला. ही चूक आता तिला येत होती. असली विद्या तिला नको होती.

पण मुलीला दगा देणंही तिच्या रक्तात नव्हतं. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी तालीम संपल्यावर तिने संयुक्ताला बाजूला घेतलं.

"उद्या मी ते वाजवणार नाही," तिने तमिळमध्ये सरळ सांगितलं. "तार सरकली होती, कण्णा. ती चूक होती."

संयुक्ताचे डोळे भरले. "मग मी काय करू? तुम्ही काय वाजवणार ते तरी सांगा. रात्री पाठ करते."

"मला ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खरंच ठाऊक नाही. तू नायिका ना? तो कधी येणार ते तिला ठाऊक आहे का?"

पोरीने डोळे पुसले. मग विचारलं, "आणि मी चुकले तर?"

"तर मी थांबेन. तू सापडेपर्यंत थांबेन. माझ्याकडे बघ फक्त. आणि हे विद्याला आत्ताच सांगायचं असेल तर सांग. मी रागावणार नाही."

संयुक्ताने सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते तिचं तिलाच माहीत.

दुसऱ्या दिवशी मैलापुरातलं सभागृह भरलेलं होतं. रेशमी पट्टुसाड्या, मोगरा, पुढच्या रांगेत अमेरिकेहून आलेले काका-मामा कॅमेरे सरसावून. रंगमंचाच्या कडेला विद्यालक्ष्मी हातात झांजा घेऊन, शेजारी गायक गिरिधर, मग मृदंग, आणि टोकाला त्रिपुरसुंदरी. गिरिधर दिवसा संगणकाच्या कंपनीत काम करणारा, गुणी, पण भित्रा. नृत्यगुरूच्या, म्हणजे विद्यालक्ष्मीच्या, भुवईकडे बघून गाणारा.

पदम सुरू झालं. पहिली वेळ ध्वनिमुद्रणासारखी. दुसरीही. तिसऱ्यांदा गिरिधरने ओळ सोडली आणि त्रिपुरसुंदरीने गज टेकवला.

स्वर घसरला नाही. तो जिथे होता तिथेच उभा राहिला, लांब, सरळ, दारात उभ्या बाईसारखा. मग हलकेच वर चढला, अर्ध्यावर थबकला, जणू पाऊल वाजलं, आणि पाऊल दुसऱ्याचंच निघालं म्हणून पायरी पायरीने परत आला. हे आपण वाजवणार होतो हे तिला क्षणभर आधीही माहीत नव्हतं. सावेरी इतकी वर्षं वाजवून ही वाट तिला आजच दिसली, आणि आनंदाने तिच्या अंगावर काटा आला. विद्यालक्ष्मी तिच्याकडे बघत होती, ती नजर गालाला भाजत होती. भाजू दे!

संयुक्ताचा हात गजऱ्यासाठी उचलला होता तो तसाच राहिला. ती नुसती उभी राहिली. मान किंचित वळलेली, कान व्हायोलिनकडे, पुढे काय येणार ते खरोखरच माहीत नसलेली. स्वर अर्ध्यावर थबकला तेव्हा तिचा श्वास थबकला, आणि तो परत आला तेव्हा तिचा हात हळूच खाली गेला. तेवढंच. वर्षभर वाट बघण्याचा अभिनय केलेली पोर पहिल्यांदा वाट बघत होती. पुढच्या रांगेतल्या एका मामाने कॅमेरा खाली घेतला.

चौथी वेळ झाली. विद्यालक्ष्मीने पुढच्या ओळीसाठी झांजा उचलल्या. संयुक्ता जागची हलली नाही. तिने गिरिधरकडे बघितलं आणि बोटं किंचित आत वळवली. परत. याच ओळीवर, परत.

पाचव्या वेळेचं ध्वनिमुद्रण जगात कुणाकडे नव्हतं. गिरिधरने घाबरून गुरूकडे पाहिलं. गुरूच्या झांजा हवेत. त्रिपुरसुंदरीने कुणाकडेच पाहिलं नाही. ती वाजवू लागली. मग गिरिधरलाही ओळ उचलावी लागली, आणि त्या भित्र्या माणसाचा आवाज असा काही लागला की त्याचा त्यालाच धक्का बसला.

कार्यक्रम संपल्यावर आतल्या खोलीत हार, शाली, पेढे, सगळं झालं. विद्यालक्ष्मी त्रिपुरसुंदरीजवळ येऊन बसली. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर सोपं झालं असतं.

"छान झालं अक्का. खोटं कशाला बोलूं? पण जुलैमध्ये येवढ्या मुली येणार, अवघ्यांकडे रेकॉर्डिंग गेलंय. प्रत्येक पोर संयुक्ता नसते. मला भ्यावं लागतं. मी आता तुला बोलावूं शकणार नाही."

"नको बोलावूं," त्रिपुरसुंदरी म्हणाली. व्हायोलिन पुसून तिने पेटीत ठेवलं. "राग नाही. पण परत विचारलंस तरी मी हेंच करणार, येवढं ठेव मनांत."

तेवढ्यात संयुक्ताची आई आली. डोळे पुसत, हसत, मागे संयुक्ता. आईने त्रिपुरसुंदरीचे दोन्ही हात धरले.

"मामी, ती पाचवी वेळ! काय वाजवलंत! आजच्या व्हिडिओतून तेवढं काढून घेते. हिला तसंच पाठ करायला सांगते. पुढच्या कार्यक्रमात तुम्ही अगदी तसंच वाजवा हं."

विद्यालक्ष्मीने मान खाली घातली.

"नको अम्मा," संयुक्ता म्हणाली. दोघींत नुकतं काय ठरलं होतं ते तिला माहीत नव्हतं. "पुढच्या वेळी मामी वेगळं वाजवतील."

"वाजवीन की!" त्रिपुरसुंदरी म्हणाली, आणि म्हणताना तिने सरळ विद्यालक्ष्मीकडे बघितलं.