पाटाएवढी जागा

ड्रोन उडवणारी माणसे आधी आकाशाकडे पाहत असतील, असे मला वाटत असे. आमच्या इमारतीतले काका मात्र खाली पाहत. सकाळी आठच्या सुमारास काखेत एक जुना सागवानी पाट घेऊन ते आमच्या इमारतीच्या गच्चीवर येत, पाण्याच्या टाकीजवळची जागा तळहाताने झाडत, पाट मांडत, तो डुगडुगत तर नाही ना हे दोनदा दाबून बघत आणि मग पंजाएवढे ते यंत्र अलगद त्यावर ठेवत. "पाट मांडला की जागा आपली," हे वाक्य म्हटल्याशिवाय त्यांचे ड्रोन कधी उडाले नाही.

तुमच्याही सोसायटीत असा एखादा छंदिष्ट गृहस्थ असेल. अशा माणसांकडे आपण जिन्यातून जाता-येता कौतुकाने पाहतो आणि वेळ येते तेव्हा गप्प बसतो. यातले गप्प बसणे मी स्वतःपुरते लिहिले आहे.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या चार मजली इमारतीत ते तळमजल्यावर एकटे राहत. वडील गिरणीत होते. परळच्या एका खोलीत अकरा माणसे. लहानपणी ते चाळीच्या गॅलरीत झोपत, आणि पाळीवरून कोणी परतले की वळकटी उचलून जागा द्यावी लागे. पुढे आयुष्यभर एका कचेरीत बसून त्यांनी दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले. निवृत्तीनंतर मुलीने ड्रोन भेट दिले आणि सत्तरीतल्या या माणसाला पंख फुटले. मी निवृत्त ग्रंथपाल. अक्षर बरे आणि नाही म्हणण्याची धमक नाही, एवढ्या गुणांवर सोसायटीची सचिव झाले होते. ते मला 'सेक्रेटरीबाई' म्हणत.

नियमांच्या बाबतीत ते काटेकोर होते. ड्रोन पाव किलोच्या आत भरते, याची खात्री म्हणून त्यांनी ते कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवले होते. वाणी म्हणाला, "काका, अजून मूठभर शेंगदाणे बसतील." ते म्हणाले, "तुझे शेंगदाणे उडूक लागले तर मग टाक." रोज सकाळी ते फोनवर सरकारी नकाशा उघडून आपला भाग तपासत. पोलिसांची मनाई असेल तेव्हा ड्रोन कपाटात टॉवेलखाली जाई. "आज तेचो उपास," ते सांगत.

एकदा त्यांनी मला गच्चीवर बोलावले. ड्रोन नारळाच्या झाडाएवढे वर गेले, त्याहून वर ते कधीच नेत नसत. फोनच्या पडद्यावर पूर्वेकडची मिठागरे दिसली, त्यापलीकडे खाडीची करडी रेघ. मग त्यांनी कॅमेरा सरळ खाली वळवला. टाकी, पाट, ते स्वतः, आणि त्यांच्या शेजारी मान खाली घालून उभी असलेली एक बाई.

"ही कोण, ओळखलात?"

"मी."

"मग मान वर करा की. आपलीच गच्ची आहे."

कोणाच्याही खिडकीत ते यंत्र डोकावत नाही, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. पुढचे सारे समजण्यासाठी एवढे लक्षात असू द्या.

चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली. बाल्कनीत कपडे वाळत असतात, घरात सून आहे, आणि हे वरून काय बघतात कोणास ठाऊक. त्यांची भीती खोटी नव्हती. ती दूर करणे मात्र अवघड नव्हते. त्यावर सोसायटीची सभा ठरली, आणि तिच्या आदल्या दिवशी काका माझ्या दारात आले. "सेक्रेटरीबाई, माझी बाजू घेऊ नका. फक्त काय दिसतं ते सांगा. तुम्ही पाहिलंय."

"सांगेन," मी म्हणाले.

सभा खाली पार्किंगमध्ये भरली. गच्ची सामायिक आहे, म्हणून तेथून कोणालाही खासगी छंदासाठी काही उडवता येणार नाही, असे अध्यक्षांनी मांडले. काका उठले.

"सामायिक म्हणजे सगळ्यांची ना? मग तेवढीच माझीपण. मी पाटाएवढी जागा मागतोय."

"आणि उद्या वीसच्या वीस जण पाट घेऊन आले तर, काका?"

"येऊ देत. पंगत बसवू."

सगळे हसले, तक्रार करणाऱ्या बाईसुद्धा. मग ते हसू थांबवून म्हणाले, "सरकार उडू देतंय आणि तुम्ही गच्चीवरून उठू देत नाय. हे घर मी घेतलंय. इथून तरी वळकटी उचल म्हणू नका."

बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी वहीत तारीख लिहीत होते. ती आधीच लिहून झाली होती. माझ्या घशापर्यंत एक पूर्ण, व्याकरणशुद्ध वाक्य आले होते. ते तिथेच राहिले. हात वर झाले. विरोधात एकच हात होता, सरळ, कोपरात न वाकलेला. माझा हात दोन्ही वेळा वहीवर होता.

त्या संध्याकाळी मी इतिवृत्त लिहिले. अशा प्रत्येक ठरावाचा शेवट मी वर्षानुवर्षे एकाच शब्दांत करीत आले होते, आणि सवयीने लेखणीने तोच केला: 'ठराव सर्वानुमते मंजूर.'

दोन दिवसांनी सूचना फलकापाशी त्यांनी मला गाठले. चष्मा कपाळावर होता. नेहमी माझ्याशी जपून बोलणाऱ्या त्यांच्या तोंडी त्या दिवशी घरचीच मालवणी आली.

"हरलंय तेचा काय नाय, बाईनू. पण माझो हात वर होतो मा?"

"होता. माझी चूक झाली. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचताना दुरुस्ती करते."

"करा हां. उडवीन मी खंयपण. पण मी गप रवलंय, असा लिवलेला ऱ्हवता नये." ते गप्प राहिले, अशी नोंद राहू नये, एवढेच त्यांचे मागणे होते.

पुढच्या सभेला ते नव्हते. पाट पिशवीत घालून शहापूरला, भाच्याच्या अंगणात ड्रोन उडवायला गेले होते. मागील इतिवृत्त मी वाचले. "कोणाची हरकत?" अध्यक्षांनी विचारले. हरकत माझीच होती. मी क्षणभर थांबले, एवढे खरे. पण थांबणे म्हणजे बोलणे नव्हे. इतिवृत्त कायम झाले.

परतल्यावर त्यांनी मला दुरुस्तीबद्दल विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते. फक्त शहापूरची हकिगत सांगितली. "भाच्याच्या बायकोने अंगण सारवून दिलं. म्हणाली, मामा, उडवा, पण माझ्या पापडांवर उतरू नका. माणसं चांगली. पण पाहुणा तो पाहुणाच." नंतर गुडघ्यांनी तेही बंद केले. मुलगी त्यांना गोरेगावला घेऊन गेली, बाविसाव्या मजल्यावर. एकदा फोनवर म्हणाले, "आकाश खिडकीला टेकलंय, सेक्रेटरीबाई. गच्चीला कुलूप."

गेल्या महिन्यात मुलीचाच फोन आला. ते गेले होते. काही दिवसांनी ती घर आवरायला आली, तेव्हा पाट कुठे दिसेना. मी वर गेले. पाण्याच्या टाकीमागे तो भिंतीला टेकून उभा होता. पिशवीतून शहापूरला नेलेला पाट, घर सोडण्याआधी ते पुन्हा इथेच ठेवून गेले होते. मी तो तिला दिला. तिने तो छातीशी धरला. राहून गेलेल्या दुरुस्तीचे मी तिलाही सांगितले नाही. पण माझे न बोलणे आता कोणाला नवे नव्हते.

रविवारी पार्किंगमध्ये शोकसभा झाली. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी डोळे पुसले. अध्यक्ष त्यांच्या शिस्तीबद्दल चांगले बोलले आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा, शोकप्रस्ताव सर्वानुमते मंजूर."

मी मान वर करून सगळीकडे पाहिले. मग लिहिले. या वेळी तो शब्द खरा होता.