गाठोडे पुढे गेले

दुधात भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाची दशमी तव्यावर पडली की तिचा एक गोडसर, किंचित करपट वास सुटतो, आणि चैत्रातल्या दुपारी, वेशीपलीकडच्या मोहाची फुले गळू लागलेली असताना, तो त्या उग्र दरवळात मिसळून सारे घर भरून टाकतो. मी ओट्यावर बसून वहाणांना करंजाचे तेल चोळत होतो. उजवी वहाण साधी. डावीचा तळ मात्र दोन बोटे जाड, कारण तिसऱ्या वर्षी आलेल्या तापाने माझा डावा पाय कायमचा आखूड करून ठेवला होता. आत आई दशम्या भाजत होती. तुझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची दुपार कोणती, असे त्या क्षणी कोणी विचारले असते, तर मी तीच सांगितली असती. शहाणाच होतो मी!

तापानंतर दोन वर्षे मी उभा राहिलो नव्हतो. तेव्हा आईने सप्तशृंगीला नवस केला होता की लेकरू चालू लागले तर ते आपल्या पायांनी तुझ्या गडावर येईल. मी चालू लागलो. लंगडत का होईना, साक्रीला जाऊन शिकलो आणि परत येऊन गावच्या शाळेत मास्तर झालो. नवस मात्र तसाच राहिला. दर चैत्रात गावची मंडळी पायी गडाला निघत, वाजतगाजत, भगवी निशाणे घेऊन. आणि दर चैत्रात आई म्हणे, पुढल्या वर्षी. चोविसाव्या वर्षी मी हट्टच धरला. खरे सांगायचे तर मला देवीपेक्षा गावालाच काही दाखवायचे होते. 'लंगडा मास्तर' हे शब्द मी येण्याआधी पारावर असत आणि मी आलो की विरून जात; ते मला पुसून टाकायचे होते. धडधाकट माणसाला चार दिवसांची वाट. मला ती स्वतःच्या पायांनी तुडवायची होती, बस्स.

आमच्याकडे लांबच्या वाटेला निघताना चांगला दिवस पाहतात, आणि तो दिवस निघण्याच्या आधीच येत असेल तर 'प्रस्थान' ठेवतात. तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि नेसायचे एखादे वस्त्र यांचे गाठोडे बांधून, ज्या दिशेला जायचे त्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायचे. म्हणजे प्रवास सुरू झाला असे धरायचे. ते गाठोडे मग प्रवास पुरा होईपर्यंत माघारी घरात आणीत नाहीत. माझे प्रस्थान मी सोमवारी भिकाच्या घरी ठेवले होते. भिका माझा बाळमित्र. त्याचे घर गावाच्या दक्षिणेला अगदी शेवटचे, आणि गडाला जाणाऱ्या मंडळींचा यंदाचा पुढारीही तोच. बुधवारी उन्हे उतरली की निघायचे, असे त्यानेच मला सांगितले होते.

तर तो बुधवार. सावल्या लांबल्या, मी धोतराचा काचा मारला, दशम्यांचे फडके खांद्याला अडकवले आणि आईच्या पाया पडलो. तिने डोक्यावर हात ठेवला, पण तोंडातून शब्द काढला नाही. मला वाटले, गहिवरली असेल. भिकाच्या अंगणात पोहोचलो तो तिथे ना निशाण, ना डफ, ना माणूस. नुकते सारवलेले अंगण वाळत होते आणि भिकाची बायको दारात उभी राहून पदराशी चाळा करीत होती.

"भाऊ, बठ्ठा लोके सूर्य उगाना पयलेच निंघी गयात," ती खाली बघत म्हणाली.

"आणि माझं गाठोडं?"

"ते संगे ली गयात. देवीना पायवर ठी आनतीन. प्रस्थान गयं म्हंजे तुम्हीच गयात, भाऊ. नवस फिटना. तुमनी मायनीच तसं सांगं व्हतं."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती माझ्या दोन्ही, लांब आणि आखूड, पायांतून एकदमच गेली. माझे गाठोडे देवदर्शनाला निघाले होते आणि मी मागे राहिलो होतो! मित्राने केसाने गळा कापला, हे तर झालेच. पण आधीपासूनच जिला सारे ठाऊक होते, ती माझी आई दिवसभर चुलीपुढे बसून माझ्यासाठी वाटेच्या दशम्या भाजत होती. मी ओरडतच घरी परतलो. ती चुलीजवळून उठलीसुद्धा नाही.

"तुना पाय मी देवीपाशीन मांगी लिधा शे," ती म्हणाली. "तो मी वाटवर मोडू देऊ का?"

"मग या दशम्या कशाला भाजल्यास?"

"तुले गोड वाटी म्हनीसन."

तिने देवीजवळ माझे पाय मागितले होते. ते मिळाल्यावर त्यांच्यावर विश्वास ठेवणे मात्र तिला जमले नव्हते. मी तसाच उलट फिरलो आणि एकटा दक्षिणेच्या वाटेला लागलो. ती मागून हाका मारीत होती. मी वळलो नाही, आणि त्या न वळण्याचे मला आजही वाईट वाटते.

त्या वाटेने मला जे शिकवले ते मी कोणाजवळ फारसे बोललो नाही. डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या म्हाताऱ्या माझ्या मागून येत आणि गप्पा मारीत पुढे निघून जात. गुरे पुढे जात. मी जीव खाऊन चालत होतो, मांडीतून कळा येत होत्या, आणि तरी सारे जग मला मागे टाकून चालले होते. मला काही केल्या समजेना. आजवर शाळेला, बाजाराला, जत्रेला मी भिकाच्या खांद्याला खांदा लावून चालत आलो होतो. मग याच वाटेवर माझे पाय इतके मंद कसे झाले?

सातव्या दिवशी, सटाण्याच्या अलीकडे, समोरून निशाणे दिसली. मंडळी माघारी येत होती. भिकाच्या हातात माझे गाठोडे होते, कुंकवाने माखलेले. मला पाहताच तो जागीच थिजला.

"तुनी मायनी मना पाय धरात रे, मास्तर," एवढेच तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

माझा राग गेला नव्हता. कुंकू लावून येणाऱ्या गाठोड्याने तो जाणारही नव्हता. भिकाने मंडळींना पुढे जायला सांगितले, तोंड फिरवले आणि न विचारता माझ्या बाजूने पुन्हा गडाकडे चालू लागला, खांद्याला खांदा लावून, नेहमीसारखा. तेव्हा मी प्रथमच त्याच्या पायांकडे पाहिले. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी तो क्षणभर थांबत होता.

"भिका," मी म्हणालो, "आज तू तुनी चालवर चाल."

तो नको नको म्हणाला. मी पुन्हा म्हणालो, आता जरा कडक आवाजात. मग तो निघाला. उन्हात तापलेल्या त्या पांढऱ्या वाटेवर त्याची लांब, मोकळी पावले पडू लागली, आणि बघता बघता तो पुढच्या लिंबापर्यंत पोहोचला. वीस वर्षांच्या मैत्रीत मी त्याची पाठ पहिल्यांदाच पाहत होतो.